मनाची जखम आणि शेजारचा वैद्य



परवा आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या हातून पाच किलोचे लोखंडी वजन खाली पडलेल्या पत्र्यावर आदळले. केवढा तरी आवाज झाला! सारा वर्ग दचकला. कोणाचे हात थरथरू लागले, कोणाची छाती धडधडू लागली, एकीने तर कानांवर घट्ट हात ठेवले. पण दोन मिनिटांनी पाहतो तो सगळे पुन्हा आपापल्या लंबकाची आंदोलने मोजण्यात गढून गेले होते.

धक्का दिलेला लंबक झोके घेत घेत अखेर मध्यावर येऊन थांबतो, तसेच आपल्या शरीराचे आहे. संकटाची चाहूल लागली की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. नाडी जलद चालते, श्वास वाढतो, पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी स्नायू तयार होतात. संकट टळले की घंटा थांबते आणि शरीर पूर्ववत होते.

आता अशी कल्पना करा, की ही घंटा थांबलीच नाही. संकट टळून दहा वर्षे झाली, तरी ती दिवसातून चार वेळा आणि रात्री झोपेतही वाजतेच आहे. असे झाले तर माणूस जगेल कसा? जगात अशी लक्षावधी माणसे आहेत आणि त्यांत युद्धामुळे देशोधडीला लागलेले निर्वासित पुष्कळ आहेत. त्यांच्या मनावर उपचार कसे करावेत आणि जेथे डॉक्टरच नाहीत तेथे ते कोणी करावेत, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी कसा हाती घेतला, ते आज पाहू. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे, मानसशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण या हकिगतीच्या मध्यभागी एक प्रयोग आहे, आणि चांगला प्रयोग कसा असतो हे त्यावरून फार छान समजते.

निर्वासित कोठे राहतात?

युद्ध, हिंसाचार किंवा छळ यांच्या भीतीने ज्याला आपला देश सोडून दुसऱ्या देशात आसरा घ्यावा लागतो, तो निर्वासित. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरली. तेच आजचे उल्हासनगर. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहत होती. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. त्यांच्याच काही देशबांधवांना त्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशात आसरा मिळाला होता.

युगांडाने दार तेव्हापासून उघडेच ठेवले आहे असे म्हणावे लागेल. २०२४ च्या अखेरीस त्या देशात सुमारे १८ लाख निर्वासित होते. आफ्रिकेतील दुसऱ्या कोणत्याही देशात इतके निर्वासित नव्हते. त्या वेळी साऱ्या जगात मिळून घरदार सोडावे लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती. त्यांत आपल्याच देशात विस्थापित झालेलेही आले. पुष्कळांना वाटते, की निर्वासित श्रीमंत देशांकडे धाव घेतात. वस्तुस्थिती उलट आहे. जगातील प्रत्येक चार निर्वासितांपैकी जवळजवळ तिघे गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात, कारण पायी चालत जाऊन जी सीमा ओलांडता येते ती बहुधा शेजारच्या गरीब देशाचीच असते.

पत्ता हरवलेली आठवण

मनावरचा आघात म्हणजे नेमके काय? पहिल्या महायुद्धात बाहेरून धडधाकट दिसणारे सैनिक थरथरत, मुके होऊन, दृष्टी गेल्याची तक्रार करीत खंदकांतून परत येऊ लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा रोग्यांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसत असावा असे प्रथम वाटले. पण स्फोटाच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकांत तीच लक्षणे आढळली, तेव्हा जखम मनाची आहे हे हळूहळू उमगले. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले. मराठीत आपण त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणू.

याची लक्षणे अशी : घडलेला प्रसंग नकळत पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, स्वप्नांत येतो. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे आणि गोष्टी रोगी टाळतो. मन उदास किंवा बधिर होते. झोप लागत नाही, लहानशा आवाजानेही तो दचकतो, आणि हे सारे महिनोन्‌महिने चालते.

असे का होते, याविषयी एक उपयुक्त कल्पना आहे. आपल्या आठवणीचे दोन भाग असतात असे समजा. एक भाग ‘उष्ण’ असतो. त्यात दिसलेले, ऐकलेले, वास, भीती, छातीची धडधड हे सारे येते. दुसरा भाग ‘शीत’ असतो. हे कोठे घडले, केव्हा घडले, आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हा तपशील त्यात असतो. साध्या आठवणीत हे दोन्ही भाग एकमेकांना बांधलेले असतात. गेल्या वर्षी परीक्षेत तुमची घाबरगुंडी उडाली होती हे तुम्हांला आठवते, पण ती गेल्या वर्षीची गोष्ट आहे हेही त्याच क्षणी ठाऊक असते. भयंकर प्रसंगात मात्र उष्ण भाग खोल कोरला जातो आणि शीत भाग विस्कळीत राहतो. म्हणजे आठवण उरते, पण तिच्यावरचा पत्ता आणि तारीख पुसली जाते. मग पत्र्यावर काही पडल्याचा आवाज आला, की मेंदूला ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक कळत नाही. तो घंटा वाजवतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. युद्धातून आलेला प्रत्येक माणूस मनोरोगी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे युद्धग्रस्त प्रदेशांत साधारण पाचांतील एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. उरलेले चौघे दुःखी असतील, काळजीत असतील, पण दुःख म्हणजे रोग नव्हे. मात्र पाचांतील एक म्हणजेही लाखांच्या वस्तीत वीस हजार माणसे होतात!

डॉक्टर किती?

या वीस हजारांना तपासणार कोण? श्रीमंत देशांत दर लाख लोकांमागे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक असे सगळे मिळून मानसिक आरोग्याचे साठाहून अधिक सेवक असतात. सर्वांत गरीब देशांत ही संख्या दोनपर्यंतही पोहोचत नाही. त्यांतही बहुतेक मोठ्या शहरांत असतात, आणि निर्वासितांची भाषा त्यांना येतेच असे नाही. तज्ज्ञ तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. तोवर थांबा असे रोग्याला सांगता येईल का?

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला : तज्ज्ञाचे काम, नीट शिकवले तर, वस्तीतलाच एखादा समंजस माणूस करू शकेल काय?

दोरी, दगड आणि फुले

जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठातील माग्गी शाउअर, फ्रांक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी एक उपचारपद्धती बसवली. तिला आपण कथन-उपचार म्हणू. तिचे एक मूळ चिलीमध्ये आहे. तेथील लष्करी राजवटीत छळ सोसलेल्यांकडून त्यांची साक्ष नोंदवून घेण्याचा उपाय तेथील मानसशास्त्रज्ञांनी केला होता. त्याचे वर्णन १९८३ साली त्यांनी टोपणनावांनी प्रसिद्ध केले.

कथन-उपचाराला लागणारे साहित्य पाहिले तर तुम्हांला हसू येईल. एक दोरी, काही दगड आणि काही फुले! दोरी जमिनीवर पसरायची. ते त्या माणसाचे आयुष्य. एक टोक जन्माचे. आयुष्यातील प्रत्येक वाईट प्रसंगासाठी दोरीवर दगड ठेवायचा, चांगल्या प्रसंगासाठी फूल. मोठ्या संकटाला मोठा दगड. आजच्या दिवसाच्या पुढची दोरी गुंडाळलेलीच ठेवायची, कारण तो भाग अजून जगायचा आहे.

पुढच्या बैठकांत तो माणूस आपली हकिगत जन्मापासून क्रमाने सांगत जातो. दगडाशी आल्यावर उपचारक घाई करत नाही. तेव्हा काय दिसले, काय ऐकू आले, शरीराला काय जाणवले, मनात काय आले, हे तो हळुवारपणे विचारतो. पण त्याबरोबर तो सारखे हेही विचारतो, की हे कोठे घडले, कोणत्या वर्षी, आधी काय, नंतर काय, आणि आत्ता या क्षणी तुम्ही कोठे बसला आहात. सांगितलेले तो लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो आणि चुका दुरुस्त करतो. अखेरीस सारी जीवनकथा त्या माणसाच्या हाती दिली जाते.

तुमच्या लक्षात आलेच असेल, की येथे आठवण पुसण्याचा प्रयत्न मुळीच नाही. पुसलेला पत्ता आणि तारीख तिच्यावर पुन्हा लिहिली जाते एवढेच.

२००४ साली या पद्धतीची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. वायव्य युगांडातील इंवेपी वसाहतीतील ४३ सुदानी निर्वासितांचे तीन गट केले होते. एका गटाला कथन-उपचार, दुसऱ्याला धीर देणारे समुपदेशन आणि तिसऱ्याला विकाराची फक्त माहिती. एक वर्षानंतर कथन-उपचाराच्या गटात शंभरांमागे २९ जणांत विकार शिल्लक होता, तर उरलेल्या दोन गटांत ७९ आणि ८० जणांत. निकाल उत्साह वाढवणारा होता, पण ४३ ही संख्या लहानच.

नाकिवालेचा प्रयोग

मोठा प्रयोग झाला तो नाकिवाले येथे. युगांडाच्या नैर्ऋत्येला, टांझानियाच्या सीमेजवळ, याच नावाच्या सरोवराकाठी ही वसाहत आहे. रवांडातून पळून आलेल्यांसाठी ती १९६० च्या सुमारास वसवली गेली. येथे तंबूंच्या रांगा नाहीत. कुटुंबांना कसायला जमिनीचा तुकडा मिळतो, आणि माणसे मातीच्या घरांत वर्षानुवर्षे राहतात. १९९४ साली रवांडात अवघ्या शंभर दिवसांत लक्षावधी माणसांची कत्तल झाली. सोमालियातही १९९१ पासून यादवीने कहर केला. दोन्हीकडचे लोक येथे आले.

या प्रयोगात विकाराचे निदान झालेले रवांडा आणि सोमालियाचे २७७ निर्वासित होते. उपचार करणारे मात्र डॉक्टर नव्हते. वसाहतीतूनच निवडलेल्या निर्वासित स्त्री-पुरुषांना हे काम शिकवले होते. २७७ जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. पहिल्या गटातील १११ जणांना कथन-उपचार मिळाला. दुसऱ्या गटातील १११ जणांना समुपदेशन मिळाले. त्यात ठरीव पायऱ्या नव्हत्या, समोरच्याच्या गरजेप्रमाणे समुपदेशक बोलत असे. तिसऱ्या गटातील ५५ जणांना उपचार नव्हता, फक्त वेळोवेळी तपासणी होती. याला तुलनागट म्हणतात.

निकाल २००८ साली प्रसिद्ध झाले. शेवटच्या तपासणीत पहिल्या गटातील शंभरांमागे ७० जणांत विकार उरला नव्हता.

सत्तर! शाबास म्हणून तुम्ही टाळ्या वाजवाल. पण जरा थांबा.

तराजूचा पासंग

किराणा दुकानातला तराजू आठवा. पारडी रिकामी असतानाच एक पारडे खाली झुकले असेल, तर आपण दुकानदाराला म्हणतो, “आधी पासंग बघा हो!” तो न पाहता माल तोलला तर वजन खोटे येते.

तुलनागट म्हणजे या प्रयोगातला पासंग पाहणे. ज्यांना कोणताही उपचार मिळाला नाही, त्यांच्यातही शंभरांमागे ३७ जण बरे झाले होते! काळ जातो, नवी ओळखपाळख होते, मन आपोआप सावरते. तेव्हा सत्तरांतले सदतीस हे उपचाराचे श्रेय नव्हे.

७० − ३७ = ३३

म्हणजे उपचाराची खरी कमाई शंभरांमागे ३३. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर तीन जणांवर उपचार केले, की एक माणूस असा बरा होतो, जो उपचाराविना त्या काळात बरा झाला नसता. ही कमाई लहान नाही, आणि ती खरी आहे, कारण आधी पासंग पाहिला आहे.

आणखी एक गंमत पाहा. साध्या समुपदेशनाच्या गटात ६५ जण बरे झाले. ७० आणि ६५ यांतला फरक इतका थोडा, की तो केवळ योगायोगानेही पडू शकतो. इंवेपीत मागे पडलेल्या समुपदेशनाशी जुळता प्रकार येथे कथन-उपचाराच्या बरोबरीने उभा राहिला! एक फरक मात्र ठळक होता. समुपदेशन घेणाऱ्यांपैकी शंभरांमागे २१ जणांनी ते मध्येच सोडले, तर कथन-उपचार सोडणारे फक्त ४ होते. आपली कथा पूर्ण करायची ओढ माणसाला असते, असे म्हणावे काय? संशोधकांनी आपल्या आवडत्या पद्धतीला विजयी घोषित न करता हे आकडे जसेच्या तसे छापले. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा यालाच म्हणतात.

तुमच्यापैकी एखादा विचारील, “सर, त्या ५५ जणांना उपचार न देणे हा अन्याय नव्हे काय?” प्रश्न अगदी योग्य आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. आघातानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून, एकाच बैठकीत जे घडले ते बोलायला लावायचे, असा एक उपाय एके काळी अनेक देशांत सर्रास केला जाई. हेतू चांगलाच होता. पण तुलनागट घेऊन तपासल्यावर त्याचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाल्याचे आढळले. आता जागतिक आरोग्य संघटना तो करू नये असे सांगते. न तपासलेली दया हीसुद्धा कधी कधी इजा करते.

एकाला नव्हे, तिसांना

कथन-उपचारात एका उपचारकासमोर एकच माणूस असतो. पण वस्त्या लाखांच्या आहेत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने गटासाठी एक सोपा कार्यक्रम तयार केला. त्याची चाचणी युगांडाच्या वायव्येला राइनो कॅम्प या वसाहतीत दक्षिण सुदानच्या ६९४ निर्वासित स्त्रियांवर झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली. येथे माणसांच्या नव्हे, गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. १४ गावांपैकी निम्म्या गावांत हा कार्यक्रम झाला. स्त्रिया वीस-तीसच्या गटाने बसत, त्यांच्या जुबा अरबी बोलीतील ध्वनिमुद्रण ऐकत, चित्रांचे पुस्तक पाहत आणि मनाला ताण आला असता पाय जमिनीवर टेकून, श्वासाकडे आणि भोवतालच्या वस्तूंकडे लक्ष देऊन मन आत्ताच्या क्षणात कसे आणावे, याचा सराव करीत. दोन-दोन तासांच्या पाच बैठका झाल्या. तीन महिन्यांनी त्यांचा मानसिक ताण तुलनेच्या गावांपेक्षा कमी आढळला. परिणाम माफक होता, पण थोड्या खर्चात पुष्कळांपर्यंत पोहोचणारा होता.

आधी पोट, मग मन

एवढे वाचून असे समजू नका, की दोरी आणि दगड आणले की काम संपले. २००७ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांत एका पिरॅमिडची कल्पना आहे. तळाचा सर्वांत रुंद थर अन्न, पाणी, निवारा आणि सुरक्षितता यांचा. त्यावर कुटुंब, शेजार, शाळा, देवधर्म यांचा आधार. त्यावर शिकवलेल्या कार्यकर्त्यांची मदत. आणि टोकाला, थोड्यांसाठी, तज्ज्ञ डॉक्टर. तळ खचला तर वरचे थर टिकत नाहीत. मे २०२५ मध्ये पैशाअभावी जागतिक अन्न कार्यक्रमाला युगांडातील सुमारे दहा लाख निर्वासितांची अन्नाची मदत थांबवावी लागली. ज्या आईला उद्याच्या चुलीची चिंता आहे, तिला शांत झोप लागावी कशी? घंटा कालच्या आठवणीने वाजते तशी आजच्या भुकेनेही वाजते.

तुम्ही काय करू शकाल?

तुमच्या वर्गात, गावात पूर, अपघात, आग यांतून वाचलेला कोणी असेल. त्याच्यावर उपचार करणे हे तुमचे काम नव्हे, आणि “सांग ना, काय झाले ते!” म्हणून त्याला खोदून विचारणे तर मुळीच नव्हे. मनाच्या प्रथमोपचाराची तीन सूत्रे मात्र कोणालाही पाळता येतील : पाहा, ऐका, जोडून द्या. त्याला आत्ता कशाची गरज आहे ते पाहा. तो बोलला तर मध्ये न तोडता ऐका, न बोलला तर नुसते शेजारी बसा. आणि घरच्यांशी, शिक्षकांशी, गरज पडल्यास डॉक्टरांशी त्याची गाठ घालून द्या. त्रास महिनाभरानेही ओसरला नाही, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा तो बोलू लागला, तर मोठ्या माणसाला सांगायला क्षणाचाही उशीर करू नका.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात लंबक दाखवताना तो का थांबतो हे मुलांना जरूर विचारा. तो स्वतःहून थांबत नाही. भोवतालची हवा त्याचा प्रत्येक झोका किंचित किंचित कमी करते. नाकिवालेतील शेजाऱ्यांनी हेच काम केले.

आणि मित्रहो, यापुढे कोणी तुम्हांला सांगितले, की अमुक औषधाने शंभरांतले सत्तर बरे झाले, तर नम्रपणे एवढेच विचारा : “औषध न घेतलेल्यांपैकी किती बरे झाले?”